बेल्ट बदलायचा की अख्खा गिअरबॉक्स?

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला डॅफ या वाहन कंपनीचं संग्रहालय आहे त्या आवारात पूर्वी कूलन यांचा बिअरचा कारखाना होता. 1928च्या एप्रिलमध्ये डॅफचे संस्थापक हुब फान दोर्ने यांनी तिथे एक छोटं वर्कशॉप टाकलं. पैसे उसने दिले ते कारखान्याच्या संचालकांनीच. सुरुवातीची कामं वेल्डिंगची आणि लोहारकामाची. पुढे धाकटे भाऊ विम सोबतीला आले, 1932पासून ट्रेलर बनू लागले, 1949पासून ट्रक. मला मात्र हुब यांच्याबद्दल आपलेपणा वाटतो तो त्या पहिल्या वर्कशॉपमुळे. मी नगरच्या स्कूटर गॅरेजवाल्याची मुलगी. ज्याचे हात दुरुस्तीत काळे झालेत, त्याने बनवलेलं मशीन उघडायला सोपं असतं, हे मी घरातच शिकले.

1958च्या फेब्रुवारीत ॲमस्टरडॅमच्या राय मोटार प्रदर्शनात त्यांची डॅफ 600 लोकांसमोर आली. हवेने थंड होणारं दोन सिलिंडरचं 590 सीसीचं इंजिन, आणि क्लचचं पेडलच नाही. ऑटोमॅटिक गाडी ही तोवर बड्या अमेरिकन मोटारींची मिरास होती. जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक गिअरबॉक्स 1939पासून बाजारात होता, पण त्यात तेलाचा दाब, प्लॅनेटरी गिअर, व्हॉल्व्ह असा मोठा पसारा. फान दोर्ने यांच्या व्हेरिओमॅटिक नावाच्या यंत्रणेत मुख्य कामाला होते रबराचे दोन बेल्ट.

मी आता नेदरलँड्सच्या ब्राबांट प्रांतात राहते. आमच्या गावात शेजारच्या आजोबांकडे डॅफचा 1960च्या दशकातला छोटा पिकअप आहे. तो जॅकवर चढवून त्यांनी मला सगळं दाखवलं. इंजिन पुढे, त्याला सेंट्रिफ्युगल क्लच, तिथून शाफ्ट मागे जातो आणि दोन बाजूंच्या दोन पुली फिरवतो. प्रत्येक पुलीवरून एक रुंद बेल्ट मागच्या पुलीवर, तिथून चाकाला. इंजिनचा वेग वाढला की पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात, पुढच्या पुलीच्या थाळ्या जवळ येतात, बेल्ट वर चढतो आणि गाडी आपोआप ‘वरच्या गिअर’मध्ये जाते. इंजिनमधला व्हॅक्युमही यात हातभार लावतो. वेगळा रिव्हर्स गिअर असा नाहीच, दिशा फक्त उलटते. त्यामुळे डॅफ पुढे जितकी पळते तितकीच मागे पळते.

हे सगळं उघड्यावर, डोळ्यांना दिसणारं. आजोबांनी बेल्टच्या कडेवरून अंगठा फिरवला, भेगा दाखवल्या. बेल्ट सैल पडला तर मागचं युनिट सरकवून ताणायचा. फारच झिजला तर बदलायचा, पण नेहमी जोडीने, कारण एक नवा आणि एक जुना असले की दोन चाकं एकमेकांशी भांडतात. तेलाचा थेंब बेल्टला लागता कामा नये. गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बेल्टला बाक येतो आणि निघाल्यावर थोडा वेळ धडधड जाणवते, गरम झाला की जाते. म्हणजे झिजणारी वस्तू कोणती हे आधीच ठरवून ती हाताला येईल अशी ठेवलेली. दुरुस्त करू की बदलू, हा प्रश्न ड्रॉइंग बोर्डवरच सोडवलेला होता.

आमच्या गॅरेजात कायनेटिक होंडा यायला लागली तेव्हा बाबांनी साइडचं कव्हर काढून दाखवलेला व्हेरिएटर, रोलर, बेल्ट आणि क्लच हे याच कुळातले. आज महाराष्ट्रातला कुठलाही स्कूटर मेकॅनिक हे काम रस्त्याच्या कडेला बसून करतो.

नेदरलँड्सने मात्र डॅफची फार टिंगल केली. म्हाताऱ्यांची गाडी, बायकांची गाडी. मला ही टिंगल अन्यायाची वाटते. 1968च्या लंडन-सिडनी मॅरेथॉनमध्ये रॉब स्लोटमाकर आणि रॉब यान्सेन यांनी डॅफ 55 युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तानमार्गे मुंबईपर्यंत आणली. मुंबईहून गाड्या जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या आणि ही बेल्टवाली गाडी सिडनीला सतराव्या क्रमांकावर पोचली.

नेदरलँड्सच्या लिंबर्ख प्रांतातल्या कोळसा खाणी बंद होणार असं 1965मध्ये जाहीर झालं, तेव्हा तिथल्या कामगारांसाठी बोर्न गावी डॅफचा मोटार कारखाना आला. 1975मध्ये तो व्होल्वोच्या ताब्यात गेला.

बेल्टची पुढची गोष्ट मात्र टिलबर्गमध्ये घडली. 1972मध्ये स्थापन झालेल्या फान दोर्ने ट्रान्समिसी या कंपनीने रबर सोडून पोलादाचा बेल्ट केला: सुमारे चारशे पातळ पाती, पातळ पोलादी कड्यांच्या दोन संचांवर ओवलेली. रबरी बेल्ट ओढतो, हा ढकलतो. 1987मध्ये तो सुबारू जस्टीत आला, 1995मध्ये कंपनी बॉशने घेतली. हा बेल्ट रबराहून कितीतरी जास्त टिकतो, ही प्रगती खरीच. पण तो तेलात, बंद पेटीत असतो. तेल वेळेवर बदललं नाही आणि बेल्ट एकदा घसरला की पुलीवर चरे पडतात, धातूचा चुरा व्हॉल्व्हमध्ये जातो. मग नुसता बेल्ट घालून भागत नाही.

बंद पेटीतला गिअरबॉक्स दुरुस्त करावा की बदलावा, हा प्रश्न आजोबांच्या मुलासमोरही आला. तो बागकाम करतो. त्याच्या आताच्या पिकअपमध्ये बेल्ट नाही, प्लॅनेटरी गिअरचा ऑटोमॅटिक आहे. दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना इंजिन नुसतं ओरडायचं. एका गॅरेजने गाडी न उघडताच अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगितलं. मी त्याला म्हटलं, आधी तेलाचा पॅन उतरव. गिअरबॉक्स ओव्हरहॉल करणाऱ्या वर्कशॉपमध्ये तो उतरवला: तेल काळं, जळका वास, पॅनच्या मॅग्नेटवर बारीक राखाडी गाळ, पण मोठे तुकडे नाहीत. म्हणजे क्लच प्लेटा गेल्या होत्या. खोलल्यावर केसिंग, शाफ्ट, गिअर शाबूत निघाले. पोलादाचे तुकडे सापडले असते, तर मीच त्याला बदली बॉक्स घे म्हटलं असतं. त्याने दुरुस्ती निवडली: नव्या क्लच प्लेटा, नवे सील, व्हॉल्व्ह बॉडीची सफाई. टॉर्क कन्व्हर्टर मात्र बदलला, कारण तो वेल्ड करून बंद केलेला असतो आणि आत अडकलेली घाण नुसत्या धुण्याने निघत नाही. तेलाचा कूलरही फ्लश करून घेतला, नाहीतर जुना चुरा नव्या प्लेटांवर पुन्हा आला असता.