पडलेल्यांचं काय करायचं?

इजिप्तच्या वाळूत सापडलेला पपायरसचा एक तुकडा आहे, इ.स. २५० सालचा. मजकूर थेट आपल्या तहसील कचेरीतल्या दाखल्यासारखा. नाव ऑरेलियस डायोजेनिस, वडिलांचं नाव साताबूस, वय ७२, खूण म्हणजे उजव्या भुवईवरचा व्रण. पुढे निवेदन: मी देवांना नेहमीच बळी देत आलो आहे, आताही तुमच्यासमोर अर्घ्य ओतलं, बळी दिला, प्रसाद चाखला, तरी तसं प्रमाणित करावं.

असे चाळीसच्या वर दाखले सापडले आहेत. सम्राट डेसियसने २४९ च्या अखेरीस फर्मान काढलं होतं, की साम्राज्यातल्या सगळ्यांनी देवांना बळी द्यायचा आणि दाखला घ्यायचा. हा डायोजेनिस ख्रिस्ती होता की नव्हता, ते कागद सांगत नाही. पण ख्रिस्ती माणसासाठी असा दाखला म्हणजे येशूला नाकारल्याचा लेखी पुरावाच.

गेले काही शनिवार-रविवार मी याच काळाबद्दल वाचतोय. आपल्या डोक्यात चित्र असतं ते सिंहापुढे हसत जाणाऱ्या हुतात्म्यांचं. तसे लोक होतेच. रोमचा बिशप फेबियन जानेवारी २५० मध्येच मारला गेला. पण बहुसंख्य लोक हुतात्मे नव्हते हो! कार्थेजचा (आजच्या ट्युनिशियातलं शहर) बिशप सिप्रियन लिहितो की लोक बोलावणं यायच्या आधीच चौकात धावले. गर्दी एवढी, की संध्याकाळ झाली म्हणून अधिकाऱ्यांनी काहींना 'उद्या या' सांगितलं, तर तेच आजच उरकून घ्या म्हणून विनवू लागले. काहींनी बळी दिला, काहींनी नुसता धूप जाळला, काहींनी बळी न देता पैसे चारून दाखला मिळवला. (हा प्रकार आपल्याला समजावून सांगायला नकोच.)

वर्षभरात छळ ओसरला आणि हे सगळे लोक चर्चच्या दाराशी परत आले. रडत, शरमेनं. आता यांचं काय करायचं?

देव दयाळू आहे, पश्चात्ताप केला की क्षमा करतो, यावर भांडण नव्हतंच. भांडण होतं ते पंक्तीत घेण्यावरून. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस यांना पुन्हा द्यायचा का? ज्याचा बाप तुरुंगात मेला, त्याच्या शेजारी दाखला घेतलेला माणूस उभा करायचा का?

एका बाजूला होते तुरुंगात छळ सोसलेले लोक. त्यांना फार मान होता. त्यांनी पडलेल्यांना शिफारसपत्रं द्यायला सुरुवात केली, 'अमुक आणि त्याच्या घरच्यांना आत घ्या' अशी घाऊक. दुसऱ्या टोकाला रोमचा नोव्हेशियन. विद्वान, कडक. त्याचं म्हणणं, देवाला क्षमा करायची तर तो करील, पण चर्चला तो अधिकार नाही. यांनी मरेपर्यंत बाहेरच थांबावं.

मधे उभा होता सिप्रियन. आणि गंमत बघा, फर्मान निघालं तेव्हा तो स्वतः लपून बसला होता! तिथूनच पत्रं लिहून मंडळीचा कारभार चालवत होता. त्यावरून रोमहून टोमणेही आले. आता पळून न गेलेल्या पण पडलेल्या लोकांचा न्याय यानं करायचा.

२५१ साली कार्थेजला बिशपांची सभा भरली. ठरलं ते असं: सरसकट माफी नाही, सरसकट हाकलणंही नाही. ज्यांनी नुसता दाखला घेतला, त्यांची एकेकाची चौकशी करून आत घ्यायचं. प्रत्यक्ष बळी दिलेल्यांनी प्रायश्चित्त करत राहायचं, मरणाच्या दारात मात्र त्यांना नाकारायचं नाही.

इथपर्यंत ही एखाद्या समितीची तडजोड वाटते. पुढे जे झालं ते मला जास्त मोलाचं वाटतं. नवा सम्राट गॅलसच्या काळात पुन्हा छळाची चिन्हं दिसू लागली. कोणीही म्हणेल की आता होऊ दे परीक्षा, या वेळी टिकतील त्यांना घेऊ. बिशपांनी नेमकं उलटं केलं. प्रायश्चित्तात असलेल्या सगळ्यांना लगेच आत घेतलं. कारण काय दिलं? ज्यांना ख्रिस्तासाठी रक्त सांडायला सांगणार, त्यांना ख्रिस्ताचा पेला कसा नाकारायचा? पुन्हा उभं राहण्याचं बळ कुठून येणार मग? म्हणजे आत घेणं हे टिकून राहिल्याचं बक्षीस नाही, टिकण्यासाठी दिलेली शिदोरी आहे.

नोव्हेशियनचे अनुयायी वेगळे झाले आणि पुढे काही शतकं टिकले. ३२५ च्या निकियाच्या सभेनं त्यांच्या धर्मगुरूंना परत यायला वाट दिली, पण अट घातली: पडून परत आलेल्यांच्या पंक्तीला बसावं लागेल. दोन्हींकडच्या लोकांना हे सोपं गेलं नसणार.

सिप्रियनचं काय झालं? १४ सप्टेंबर २५८ ला कार्थेजमध्येच, आपल्या लोकांदेखत त्याचा शिरच्छेद झाला. पहिल्या खेपेला लपलेला माणूस दुसऱ्या खेपेला उभा राहिला.

आमच्या धंद्यात रिस्टोअर म्हणजे कालची प्रत आणून ठेवायची, मधलं काही झालंच नाही असं समजायचं. इथे तसं नाही. पेत्रानं कोंबडा आरवायच्या आत तीनदा येशूला नाकारलं, ही नोंद चारही शुभवर्तमानांत आहे. ज्याला पुढे प्रमुख मानलं, त्याचीच ही गोष्ट खोडून टाकणं किती सोपं होतं! ती ठेवली. योहानाच्या शुभवर्तमानात येशू त्याला तीनदाच विचारतो, माझ्यावर प्रेम आहे का, आणि तीनदा मेंढरं सांभाळायला देतो. नाकारणं पुसलं गेलं नाही, पण काम परत मिळालं.

माफ केलं म्हणणं त्या मानानं सोपं. शेजारी बसवून घेणं अवघड. कार्थेजच्या लोकांना ते जमवायला बरीच भांडणं करावी लागली, पण त्यांनी ते जमवलं.