बाळाचें दुपटें

राजवस्त्रांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला; दुपट्याचा कोणी लिहिला नाहीं. दुपटें वापरतां वापरतां विरतें, मग त्याचें पोतेरें होतें, आणि संग्रहालयांत ठेवण्याजोगें कांहींच मागें उरत नाहीं. सालवडपासून जवळच असलेला तारापूरचा किल्ला मराठ्यांनीं १७३९ सालीं पोर्तुगीजांपासून घेतला. त्या मोहिमेचीं पत्रें छापून निघालीं आहेत. पण त्याच वर्षीं त्या टापूंत जन्मलेलीं मुलें कशांत गुंडाळलीं गेलीं, हें रीतींवरून व शब्दांवरूनच ताडावें लागतें.

शब्द मात्र बोलके आहेत. संस्कृतांतील कंथा ही विरक्ताची. भर्तृहरीच्या वैराग्यशतकांत ती भेटते. देशावर तिला वाकळ म्हणतात, इतरत्र गोधडी. गाडगेमहाराजांना (१८७६–१९५६) लोक गोधडेमहाराजहि म्हणत, तें त्यांच्या अंगावरील चिंध्यांमुळेंच. ज्यानें संसार सोडला त्याचें आणि जो संसारांत नुकताच आला त्याचें वस्त्र एकाच जातीचें असावें, हा योगायोग मोठा गमतीचा खरा.

दुपटें या नांवांतच त्याची घडण आहे: दोन पदर. थोरांच्या गोधडीला चार-सहा थर चालतात; पण किनाऱ्यावरच्या पावसाळ्यांत जाड गोधडी चार दिवस वाळत नाहीं, आणि बाळाचें कापड तर दिवसांतून अनेकदां धुवावें लागतें. म्हणून थर दोनच. तेहि आजीच्या किंवा आईच्या सुती लुगड्याचे, कारण शेंकडों धुण्यांनीं त्यांतील खळ गेलेली असते व सूत मऊ पडलेलें असतें. जीर्ण कापडाला एकाच शिवणीचा ताण सोसत नाहीं. यासाठीं जवळजवळ धांवदोऱ्याच्या ओळी घालून तो ताण सगळीकडे वांटून द्यावयाचा. दोऱ्याची गांठ दोन थरांच्या आंत दडवावयाची, म्हणजे ती बाळाच्या अंगाला टोचत नाहीं. हें ज्ञान कोणत्याहि शाळेनें दिलेलें नव्हे.

कारवारच्या बाजूस हल्याळ-येल्लापूरकडील सिद्दी बायका कवंदी शिवतात, ती याच घराण्यांतली. या लोकांचे पूर्वज आफ्रिकेंतले. त्यांपैकीं कित्येकांना पोर्तुगीजांनीं गुलाम म्हणून गोव्यास आणलें होतें. कवंदीची शिवण एका कोपऱ्यापासून सुरू होऊन कडेकडेनें फिरत मध्याला येते, आणि शेवटीं चारी कोपऱ्यांत कापडाच्या घड्यांचे त्रिकोण बसवितात. त्यांना त्या फुला म्हणतात. फुलांवांचून कवंदी त्यांच्या लेखीं उघडी!

बारशाला आप्तेष्ट झबलें-कुंची नवीं आणतात. परक्याचें जुनेरें स्वीकारणें हा एरवीं कमीपणा. पाळण्याच्या बाबतींत मात्र तो नियम उलटतो. ज्या घरीं मुलें जगत नसत तेथें मुलाचें नांव भिकू किंवा धोंडू ठेवीत, आणि कांहीं ठिकाणीं शेजारघरांतून मागून आणलेल्या कापडाचें अंगडें त्याला घालीत. मृत्यूची नजर चुकविण्याची ही केविलवाणी युक्ति होती. मैत्रिणीनें आपल्या लुगड्याचें दुपटें शिवून देणें या रीतीच्या शेजारीं ठेवून पाहिलें, म्हणजे त्या भेटीचें वजन कळतें. त्यांत कापडाची किंमत थोडी, रात्रींच्या जागरणाची फार.

कापडहि नेहमींच स्वस्त होतें असें नाहीं. कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत गिरणीची कंपनी काढली, पुढें गिरण्या वाढल्या, आणि तयार कापड खेड्यांत सहज पोंचूं लागलें. परंतु दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ सालीं, सरकारला कापड व सूत यांवर नियंत्रण आणावें लागलें, आणि जुनेऱ्याला पुन्हां मोल आलें.

आज सालवडच्या शेजारीं तारापूरची औद्योगिक वसाहत पसरली आहे. तेथें कापडाचे कारखानेहि आहेत. कापडाला तोटा नाहीं. अडचण वेगळीच झाली आहे. नित्याच्या वापरांतल्या पुष्कळशा साड्या आतां कृत्रिम धाग्याच्या असतात. त्या लौकर विरत नाहींत आणि पाणीहि टिपत नाहींत. दुपट्याला लागणारें मऊ सुती लुगडें मिळवावयाचें, तर बहुधा एखाद्या आजीचीच पेटी उघडावी लागते.