विस्मरणात गेलेली पाचवी मागणी

रविवारी सकाळी देवळाची घंटा होते आणि सारे कुटुंब मिस्साला निघते, तेव्हा हा रविवार कामगाराच्या हाती कसा आला, असा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. प्रभूचा दिवस म्हणून तो आपणांस परंपरेने लाभला हे खरे. परंतु मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या माणसाला तो सुटीचा दिवस म्हणून मिळाला १८९० साली, आणि तोही मागितल्यावर. ज्या अर्जातून ती मागणी पुढे आली, त्याच अर्जाच्या शेवटी आणखी एक मागणी होती. रविवार लोकांच्या स्मरणात राहिला. ती दुसरी मागणी मात्र विस्मृतीत गेली. तिचाच मागोवा आम्ही येथे घेत आहोत.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. पुढील तीस वर्षांत गिरण्यांची संख्या वाढत गेली आणि कोकणातून व घाटावरून आलेली माणसे साच्यांपुढे उभी राहिली. फिरत्या पट्ट्यात हात सापडला तर काय? १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालण्याचे बंधन घातले. पण हात गमावलेल्या माणसाच्या चुलीविषयी त्यात एक शब्दही नव्हता. १८५५ च्या एका कायद्याने मृताच्या वारसांना दावा करण्याची वाट होती. मात्र दुसऱ्याची चूक कोर्टात सिद्ध करावी लागे. ज्याच्या घरी संध्याकाळच्या भाकरीची भ्रांत, त्याने वकील कोठून आणावा?

अशा काळात ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. तेथे तयार झालेल्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांची नावे होती. मागण्या पाच होत्या. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, या पहिल्या चार. पाचवी अशी, की कामावर गंभीर दुखापत झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जो जन्माचा अधू होईल त्याच्या निर्वाहाची योग्य तजवीज व्हावी.

या मागणीचे दोन भाग वाचकांनी ध्यानी घ्यावेत. एक, तात्पुरते अपंगत्व. दुसरे, कायमचे अपंगत्व. आजही कामगारांच्या भरपाईची मांडणी याच दोन पायांवर उभी आहे. त्याच १८८४ साली जर्मनीत बिस्मार्कने अपघातविम्याचा कायदा केला. म्हणजे युरोपातील एक बलाढ्य राज्य ज्या प्रश्नाला हात घालीत होते, तोच प्रश्न परळच्या गिरणी कामगारांनीही मांडला होता. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात, अपघात, आजार, वार्धक्य आणि आपत्ती यांत कामगारास आधार देणारा निधी असावा, असे सुचविले. आपल्या देवळांत या परिपत्रकाचा उल्लेख अनेकदा होतो. लोखंड्यांचा अर्ज त्याच्या सात वर्षे आधीचा आहे, हेही आपल्या मुलांना सांगावयास हवे.

लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत निधन पावले. पाचव्या मागणीला कायद्याचे रूप येण्यास १९२३ साल उजाडले. ‘कामगार नुकसानभरपाई कायदा’ त्या वर्षी मंजूर झाला व १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याचे मोठेपण एका तत्त्वात होते. मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज उरली नाही. इजा कामामुळे आणि काम करीत असताना झाली, एवढे पुरे. कोणत्या अवयवाच्या हानीने कमाईची शक्ती किती टक्के घटते, याची यादी कायद्यालाच जोडली गेली. शिशाच्या विषबाधेसारखे काही व्यवसायजन्य रोगही अपघातासमान मानले गेले. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार पुढे त्या यादीत आला.

तरीही एक उणीव राहिली. पैसा मालकाच्या खिशातून यावयाचा, त्यामुळे जखमी माणसाला आपल्या अन्नदात्याशीच भांडावे लागे. साध्या आजारपणास तर या कायद्यात थाराच नव्हता. हे ओळखून बी. पी. आडारकर यांच्याकडे विमा योजनेचे काम सोपविण्यात आले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९४८ मध्ये राज्य कामगार विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. मालक आणि कामगार दोघांनी वर्गणी भरावयाची, आणि संकटात निधीने हात द्यावयाचा. २०१९ पासून ही वर्गणी कामगाराची पाऊण टक्का आणि मालकाची सव्वातीन टक्के ठरली. या योजनेत आजारपणात सत्तर टक्के, तर कामावरील इजेने आलेल्या तात्पुरत्या अपंगत्वात नव्वद टक्के वेतनाची तरतूद करण्यात आली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले. जुन्या कायद्याच्या अखेरच्या वर्षांतील एक हिशेब उदाहरणादाखल पाहू. विमा योजनेबाहेरचा चाळीस वर्षांचा कामगार, पगार दरमहा १५,००० रुपये, आणि यंत्रात अंगठा गेला. पगाराचे साठ टक्के म्हणजे ९,०००. वयाचा गुणक १८४.१७, अंगठ्याची हानी तीस टक्के. भरपाई ४,९७,२५९ रुपये. ही रक्कम म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. मालकाने खुशीने हातावर ठेवलेले पाच-दहा हजार घेऊन, ‘माझे काही मागणे नाही’ अशा कागदावर सही करणाऱ्यास हे ठाऊक नसते, एवढेच.

आपल्या धर्मग्रामात कंत्राटावर काम करणारे, लहान कारखान्यांत यंत्र चालविणारे, बांधकामावर जाणारे तरुण आहेत. त्यांना आम्ही एवढेच सांगू: इजा झाली की त्याच दिवशी मालकास लेखी कळवा आणि त्याची प्रत जपा, डॉक्टरांचे कागद, पगाराची पावती, कामाचे ओळखपत्र सांभाळा, विमा योजनेत आपले नाव आहे की नाही, हे धडधाकट असतानाच विचारून घ्या, आणि जाणत्यास दाखविल्याशिवाय कशावरही सही करू नका.

जखमी शेजाऱ्याला पाहावयास आपण फळे घेऊन जातो, त्याच्यासाठी प्रार्थना करतो. ते करावेच. त्याबरोबर त्याचा अर्ज लिहून द्यावा, कचेरीत त्याच्या सोबतीने जावे. पाच मागण्यांपैकी पहिलीचे फळ आपण दर रविवारी चाखतो. शेवटचीचे फळ ज्याच्या हक्काचे आहे, त्याच्या हाती ते पडावे, यासाठी आठवड्यातील एखादा दिवस आपणही द्यावयास हवा.