चकरी थांबवणारे तुकडे

१७ मार्च २०२० रोजी शिर्डीचं साईमंदिर भाविकांसाठी बंद झालं, ते उघडलं थेट १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. संस्थानाचं ऑनलाइन थेट दर्शन आधीपासून होतंच. त्या आठ महिन्यांत अनेकांना तेवढाच मार्ग उरला.

धावत्या एसटीत असं थेट प्रक्षेपण लावलं, तर चित्र मध्येच धूसर होतं, पुन्हा उजळतं. आरती मात्र सहसा तुटत नाही. पूर्वी असं नव्हतं. रेंज गेली की पडद्यावर चकरी फिरायची.

इंटरनेटवरच्या थेट प्रक्षेपणाची सुरुवात आवाजापासून झाली. ५ सप्टेंबर १९९५ रोजी सिएटल मरिनर्स आणि न्यूयॉर्क यँकीज यांच्या बेसबॉल सामन्याचं समालोचन रिअलऑडिओ या प्रणालीवरून ऐकवलं गेलं. १९९७मध्ये रिअलव्हिडिओ आला. किती वेगानं पाठवायचं, हे तेव्हा सर्व्हर ठरवायचा. बिनतारी जाळ्यात हे गणित फसतं. टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते. रामनवमीला शिर्डीत गर्दी लोटली की प्रत्येकाचा वाटा आटतो. भिंत आड आली, गाडी पुढे सरकली, तरी वेग बदलतो.

उपाय निघाला तो व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे पाडण्याचा. प्रत्येक तुकडा कमी-जास्त दर्जाच्या अनेक प्रतींत साध्या वेब सर्व्हरवर ठेवायचा. मागचा तुकडा यायला किती वेळ लागला, हे मोबाइलनं पाहायचं आणि पुढचा कोणत्या दर्जाचा हवा ते स्वतःच मागायचं. निर्णय सर्व्हरकडून प्रेक्षकाच्या हातातल्या यंत्राकडे आला. अमेरिकेतल्या मूव्ह नेटवर्क्स या कंपनीनं ही वाट दाखवली. २००८मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि २००९मध्ये ॲपलनं आपापल्या पद्धती आणल्या. प्रत्येकाची तऱ्हा निराळी, म्हणून २०१२मध्ये ‘डॅश’ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झालं.

तरीही वेगाचा अंदाज चुकायचाच. २०१४मध्ये स्टॅनफर्ड आणि नेटफ्लिक्सच्या संशोधकांनी उलटा विचार मांडला : वेग मोजण्यापेक्षा मोबाइलमध्ये आधीच आलेल्या व्हिडिओचा किती सेकंदांचा साठा शिल्लक आहे ते पाहा. साठा घटला की हलका तुकडा मागवा, वाढला की भारी. नेटफ्लिक्सवरच्या चाचण्यांत अडखळणं १० ते २० टक्क्यांनी कमी झालं.

याची किंमत उशिरानं मोजावी लागते. तुकडा पूर्ण भरल्याशिवाय पाठवता येत नाही, वर साठाही हवा. त्यामुळे मंदिरातली मध्यान्ह आरती मोबाइलवर काही सेकंद मागून पोचते. २०१९मध्ये ॲपलनं तुकड्यांचेही तुकडे करून हा उशीर कमी करण्याची पद्धत जाहीर केली. पण उशीर घटवायचा तर साठाही कमी ठेवावा लागतो, आणि साठा कमी असताना टॉवरवर गर्दी झाली, तर चकरी परत फिरू लागते.