डार्टमथ येथील प्रारंभिक आज्ञावली-शिक्षण : एका शैक्षणिक प्रयोगाचा विचार

संगणकासाठी आज्ञावली लिहिण्याचे शिक्षण महाविद्यालयात कोणाला द्यावे, या प्रश्नाचे उत्तर १९६० च्या सुमारास बहुतेक ठिकाणी ठरून गेलेले होते. गणिती, शास्त्रज्ञ आणि अभियंते यांखेरीज इतरांना या विद्येचे प्रयोजन नाही, असेच सर्वसाधारण मत होते. या मताला अमेरिकेतील न्यू हॅम्पशर राज्यातल्या डार्टमथ महाविद्यालयाने जे उत्तर दिले, त्याचे महत्त्व तांत्रिक इतिहासापुरते मर्यादित नाही.

जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ हे तेथील गणिताचे प्राध्यापक. डार्टमथमधील सुमारे एक-चतुर्थांश विद्यार्थीच विज्ञान व अभियांत्रिकीकडे वळत. उरलेले तीन-चतुर्थांश विद्यार्थी पुढे उद्योग, कायदा व शासन या क्षेत्रांत निर्णय घेणार होते. ज्या यंत्राचा उपयोग कसा करावा हे त्यांना ठरवावे लागणार, त्याचे कार्य त्यांनी स्वतः अनुभवलेले असावे, असा या दोघांचा आग्रह होता. म्हणून आज्ञावली-लेखनाचा स्वतंत्र तांत्रिक अभ्यासक्रम न काढता, पहिल्या वर्षाच्या गणिताच्या वर्गांतच त्याचा अंतर्भाव करण्यात आला. थोडी व्याख्याने आणि स्वतः सोडवावयाची काही उदाहरणे, एवढेच त्याचे स्वरूप होते.

यात मुख्य अडचण होती ती प्रतीक्षेची. तत्कालीन रीतीप्रमाणे आज्ञावली छिद्रित पत्रिकांवर उतरवून संगणक-केंद्रात द्यावी लागे आणि उत्तर काही तासांनी, कित्येकदा दुसऱ्या दिवशी हाती येई. एका स्वल्पविरामाची चूक कळण्यास एक दिवस लागत असेल, तर नवशिक्याची जिज्ञासा टिकणार कशी? यावरील उपाय म्हणजे एकच संगणक अनेकांत क्षणाक्षणाने वाटून देणारी टाइम-शेअरिंग पद्धती. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या साहाय्याने ही यंत्रणा उभी राहिली आणि तिच्या रचनेचे बरेचसे काम पदवीपूर्व विद्यार्थ्यांनीच केले. १ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास तेथे 'बेसिक' भाषेतील पहिल्या आज्ञावली चालल्या.

भाषेची घडणही याच हेतूने झाली होती. फोरट्रानमध्ये पूर्णांक आणि दशांश संख्या यांचा भेद प्रारंभापासूनच पाळावा लागे. बेसिकमध्ये संख्या ही केवळ संख्या होती. आवर्तनाची आज्ञा लिहिताना फोरट्रानमध्ये आरंभ, शेवट व वाढ हे तीन आकडे केवळ स्वल्पविरामांनी वेगळे करीत. बेसिकमध्ये तेच 'फॉर', 'टू' आणि 'स्टेप' या परिचित शब्दांनी सांगता येई. ग्रंथालयात विद्यार्थी जसा स्वतः फळीवरचे पुस्तक काढतो, तसाच त्याने संगणकही मुक्तपणे वापरावा, हे त्यामागील सूत्र होते.

या सुलभतेवर कठोर आक्षेपही आले. १९७५ मध्ये डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी, बेसिकचे संस्कार झालेल्या विद्यार्थ्यास उत्तम आज्ञावली-लेखन शिकविणे जवळजवळ अशक्य होते, अशा अर्थाची टीका केली. 'गोटू' या आज्ञेच्या आधारे कोठूनही कोठेही उडी मारण्याची सवय विचारातील शिस्त बिघडवते, हा त्यांच्या पक्षाचा मुद्दा निराधार म्हणता येणार नाही. डार्टमथमध्येही सत्तरीच्या दशकात या भाषेला अधिक सुबद्ध रूप देण्यात आले, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात केमेनी व कुर्ट्झ यांनी छोट्या संगणकांवर पसरलेल्या बेसिकच्या विस्कळीत अवतारांविषयी नापसंती व्यक्त केली.

तथापि या वादातील दोन्ही पक्ष वेगवेगळ्या विद्यार्थ्यांचा विचार करीत होते. डाइक्स्ट्रांच्या दृष्टीसमोर भावी व्यावसायिक होता, तर केमेनी-कुर्ट्झ यांच्या दृष्टीसमोर भावी नागरिक. पहिल्याला शिस्त आधी हवी. दुसऱ्याला आधी प्रवेश हवा, कारण प्रवेशच मिळाला नाही तर शिस्त कोणाला लावावयाची, हा प्रश्न उरतो. नवशिक्यांच्या अभ्यासक्रमासाठी कोणती भाषा निवडावी, यावर आजही विद्यापीठांतून वाद होतात. भाषेची निवड करण्यापूर्वी विद्यार्थी कोण हे निश्चित करावे लागते, हा डार्टमथच्या प्रयोगाचा खरा बोध होय.