परदेशाचं स्वस्त विमान तिकीट: शोधायचं कसं आणि सुरक्षित बुक कसं करायचं?

अमेरिकेतलं फॉल सेमिस्टर ऑगस्टच्या सुमारास सुरू होतं, जर्मनीतलं हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरच्या. त्याआधी दोन-तीन महिने माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकच प्रश्न फिरत असतो: "दादा, स्वस्त तिकीट कुठल्या अ‍ॅपवर मिळेल?" मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, ट्रॅव्हल एजंट नाही. पण या साइट्सच्या मागे काय चालतं ते समजून घेतल्यावर एक गोष्ट पक्की कळली. अ‍ॅप कुठलं हा नंतरचा प्रश्न. स्क्रीनवरचा आकडा नक्की कशाचा आहे, हे आधी बघायचं.

भाडं सारखं का बदलतं?

इकॉनॉमीच्या सगळ्या सीट दिसायला सारख्या असल्या तरी सिस्टीममध्ये त्यांचे गट केलेले असतात. प्रत्येक गटाला एक अक्षर, वेगळं भाडं आणि वेगळे नियम. स्वस्त गटातल्या सीट संपल्या की पुढच्या गटाचं भाडं दिसायला लागतं. त्यामुळे इन्कॉग्निटो मोड लावून किंवा कुकीज पुसून संपलेल्या सीट परत येत नाहीत. बऱ्याचदा सर्च साइटवर जुना आकडा साठवलेला असतो आणि क्लिक केल्यावर खरा आकडा येतो, म्हणून "मी बघितलं आणि भाव वाढला" असं वाटतं.

यातून एक उपयोगी युक्ती निघते. चौघांसाठी एकत्र शोधलं आणि स्वस्त गटात दोनच सीट उरल्या असतील, तर साधारणपणे चौघांनाही महाग भाडं दिसतं. म्हणून एकदा एका प्रवाशासाठीही शोधून बघा. फक्त वेगवेगळं बुकिंग केलं तर पीएनआरही वेगवेगळे होतात, हे लक्षात ठेवा.

शोधायची माझी पद्धत

१. गूगल फ्लाइट्स मोबाईलच्या ब्राउझरमध्ये उघडा. इथे तिकीट विकत नाहीत. एअरलाइन किंवा बुकिंग साइटकडे पाठवतात.
२. तारखेच्या कॅलेंडरमध्ये रोजचं भाडं दिसतं. दोन-चार दिवस पुढे-मागे करून बघा. प्रवासाचे दिवस थोडे सैल असतील तर सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.
३. भावावर लक्ष ठेवायचा पर्याय चालू करा. भाडं बदललं की ईमेल येतो.
४. तोच प्रवास स्कायस्कॅनरवर आणि मग थेट एअरलाइनच्या साइटवर बघा.
५. विद्यार्थी असाल तर एअर इंडिया, कतार एअरवेज अशा एअरलाइन्सच्या विद्यार्थी योजना तपासा. काही वेळा भाडं तेवढंच असतं, पण जास्तीची बॅग मिळते. आयडी किंवा प्रवेशपत्र लागू शकतं.

एक तिकीट की दोन तुकडे?

सगळ्यात स्वस्त पर्यायाखाली कधीकधी 'सेल्फ ट्रान्सफर' किंवा 'वेगवेगळी तिकिटं' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. घाईत बरेच जण तिथे बघतच नाहीत.

एकाच बुकिंगवर दोन विमानं असतील आणि पहिलं उशिरा पोहोचल्यामुळे दुसरं चुकलं, तर तुम्हाला पुढे पोहोचवायची जबाबदारी एअरलाइनची असते. बॅगही बहुधा थेट शेवटच्या विमानतळापर्यंत जाते. (अमेरिकेत मात्र पहिल्या विमानतळावर साधारणपणे सगळ्यांनाच बॅग घेऊन कस्टम्समधून जावं लागतं.) सेल्फ ट्रान्सफरमध्ये दुसऱ्या एअरलाइनच्या दृष्टीने तुम्ही आलाच नाहीत. तिकीट गेलं, आणि त्याच दिवसाचं नवीन तिकीट किती महाग असतं ते वेगळं सांगायला नको.

शिवाय मधे बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करायचं म्हणजे त्या देशात प्रवेश करावा लागतो, आणि त्यासाठी व्हिसा लागू शकतो. ब्रिटनमध्ये तर विमानतळाबाहेर न पडता विमान बदलायचं असलं तरी भारतीय पासपोर्टवर, काही अपवाद सोडले तर, ट्रान्झिट व्हिसा लागतो. हे नियम बदलत असतात, म्हणून बुक करायच्या आधी त्या देशाच्या सरकारी साइटवरच बघा.

विमानतळाचं नावही पूर्ण वाचा. लंडनचं हीथ्रो वेगळं, गॅटविक वेगळं. आणि २५ डिसेंबर २०२५ पासून आपल्याकडेही तेच झालंय. नागपूरहून येणारं विमान नवी मुंबईला उतरलं आणि पुढचं मुंबईहून असलं, तर मधला रस्ता आणि ट्रॅफिक तुमच्या जबाबदारीवर.

खरा हिशोब

समजा, एक तिकीट ३८,००० रुपयांचं आहे आणि दुसरं ४५,००० चं. पहिल्यात चेक-इन बॅग नाही. २३ किलोची एक बॅग घ्यायला ६,००० जास्त. पेमेंट परकीय चलनात असल्यामुळे कार्डाचं शुल्क समजा १,३०० रुपये. झाले ४५,३००. वर मधे सेल्फ ट्रान्सफरची जोखीम. आता स्वस्त कुठलं? भाड्याबरोबर बॅग, तारीख बदलायचा खर्च आणि रद्द केल्यावर किती परत मिळतात, या तीन ओळी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. व्हिसा अजून हातात नसेल तर शेवटच्या दोन सगळ्यात महत्त्वाच्या.

फरक हजार-दोन हजारांचाच असेल तर मी थेट एअरलाइनकडून घेतो. विमान रद्द झालं की बुकिंग साइट एअरलाइनकडे बोट दाखवते आणि एअरलाइन साइटकडे; मधल्या मधे आपण अडकतो. अमेरिकेला जाणाऱ्या किंवा तिथून निघणाऱ्या विमानांसाठी आणखी एक फायदा आहे. प्रवासाला किमान ७ दिवस असताना थेट एअरलाइनकडे बुक केलं, तर तिथल्या नियमानुसार एअरलाइनला २४ तासांत फुकट रद्द करू द्यावं लागतं, किंवा पैसे न घेता तेवढा वेळ भाडं धरून ठेवावं लागतं.

नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. आपल्याकडे 'गिव्हन नेम'मध्ये बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. तिकिटावरही तेच हवं.

पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे

माझ्या मावसबहिणीला म्युनिकला जायचं होतं. सोशल मीडियावर सापडलेल्या एका एजंटने बाजारभावापेक्षा बरंच कमी भाडं सांगितलं आणि पीएनआर पाठवला. एअरलाइनच्या साइटवर टाकला तर नाव, तारीख, विमान सगळं बरोबर! घरचे लगेच पैसे पाठवायला निघाले होते. पण त्या बुकिंगमध्ये ई-तिकीट नंबर नव्हता. विचारलं तर "आधी पैसे टाका, मग नंबर येईल." आम्ही तिथेच थांबलो.

कारण पीएनआर ही फक्त बुकिंगची नोंद असते. एजंट पैसे न भरताही थोड्या वेळासाठी जागा धरून ठेवू शकतो, आणि मुदत संपली की ती नोंद आपोआप रद्द होते. ओळखीचा, ऑफिस असलेला एजंटही असंच होल्ड करतो, त्यात गैर काही नाही. पण अनोळखी माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर केवळ पीएनआर बघून पैसे पाठवू नका.

खऱ्या तिकिटाला १३ आकडी नंबर असतो आणि पहिले तीन आकडे एअरलाइनचे असतात: एअर इंडिया ०९८, एमिरेट्स १७६, कतार १५७, लुफ्थान्सा २२०. पैसे भरल्यावर एअरलाइनच्या साइटवर बुकिंग उघडा आणि हा नंबर आलाय का ते बघा.

शेवटचं, पण महत्त्वाचं. एअरलाइनचा कस्टमर केअर नंबर गूगलवर शोधून पहिल्या आलेल्या नंबरवर फोन करू नका. खोटे नंबर तिथे मुद्दाम पेरलेले असतात. नंबर एअरलाइनच्या अ‍ॅपमधूनच घ्या. रिफंडसाठी कुणी ओटीपी मागितला किंवा स्क्रीन शेअर करायला सांगितली, तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

तुमच्या ग्रुपमध्ये कुणी यंदा बाहेर निघालं असेल, तर त्यांनी पैसे भरायच्या आधी हा लेख त्यांना नक्की पाठवा!