जंतू मेले, कळा थांबल्या नाहीत

दिवस भरण्याआधीच कळा का सुरू होतात? आपल्या घरांत उत्तरे ठरलेली असतात: बाईने जड उचलले, पाय घसरला, दगदग झाली. वैद्यकाच्या इतिहासात मात्र या प्रश्नाचे आणखी एक उत्तर हळूहळू आकाराला आलेले मला दिसते.

१९४३ साली झाल आणि ब्येर्कनेस यांनी गाभण उंदरांना जंतूंपासून काढलेले विष टोचले. जिवंत जंतू नसतानाही वारेत रक्तस्राव झाला. १९५० मध्ये नॉक्स आणि होर्नर यांनी पाणमोट अवेळी फुटण्यामागे संसर्गाचा हात असावा, असे मांडले. पुढच्या दशकांत गर्भजलाच्या तपासण्यांनी साखळी जुळली. योनिमार्गातले जंतू वर चढतात. शरीर त्यांना ओळखून सायटोकाइन नावाची प्रथिने सोडते. त्यामुळे प्रोस्टाग्लँडिन वाढतात, गर्भाशय आकसू लागते, त्याचे तोंड मऊ होते. काही विकरे पाणमोटीचे आवरण कमकुवत करतात. प्रसूती जितकी लवकर, तितकी संसर्गाची शक्यता अधिक.

मग प्रतिजैविके दिली की झाले, असे वाटणे स्वाभाविक होते. ‘ओरॅकल’ या मोठ्या चाचणीच्या एका भागात पाणमोट शाबूत असताना अवेळी कळा सुरू झालेल्या ६,२९५ स्त्रिया होत्या. २००१ मध्ये निष्कर्ष आला: औषधाने प्रसूती लांबली नाही, बाळांनाही लाभ झाला नाही. २००८ मध्ये त्यांतल्या ब्रिटनमधील मुलांची सातव्या वर्षीची पाहणी प्रसिद्ध झाली. एरिथ्रोमायसिन मिळालेल्या मातांच्या मुलांत सेरेब्रल पाल्सीचे प्रमाण ३.३ टक्के होते, ते न मिळालेल्यांत १.७ टक्के.

मला या इतिहासाचा अर्थ असा लागतो: कळा सुरू होतात तेव्हा दाहाचे चक्र फिरू लागलेले असते, जंतू मारून ते थांबतेच असे नाही. उंदरांच्या प्रयोगात याची खूण होतीच. पाणमोट आधीच फुटली असेल तर हीच औषधे उपयोगी पडतात; ती शाबूत असून संसर्गाची लक्षणे नसतील, तर ती सरसकट देऊ नयेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ची शिफारस आहे. गरोदरपणात लघवी तपासून लक्षणे नसलेला संसर्गही आधीच शोधतात. ही साधी तपासणी टाळू नये, असे मला वाटते.